चार जागा सोडून

कारखान्याच्या संगणकासाठी तिने लिहिलेली लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमचा तुकडा, अवघी साठ ओळींची. काम एकच: कोणी कार्ड टेकवून पत्रा दाबणाऱ्या प्रेसभोवतीच्या जाळीच्या पिंजऱ्यात शिरलं, की पुढच्या सगळ्या नोंदी चार जागा सोडून छापायच्या, बाहेर आलं, की पुन्हा डावीकडे आणायच्या. आत दोघं असले तर आठ जागा. प्रेस चालवणारे मामा जेमतेम अक्षरओळख असलेले. पण कागदाची डावी कड सरळ दिसली, की आत कोणी नाही आणि बटण दाबायला हरकत नाही, एवढं त्यांना एका नजरेत कळायचं.

पिंजऱ्यात एक वेल्डर मेला त्या दिवशी मामांनी कागद पाहिलाच नव्हता. गप्पांच्या नादात बटण दाबलं. दोनशे टनांचा जबडा खाली आला आणि किंकाळी अर्ध्यावर तुटली. त्याला काढायला चार तास लागले, तरी अख्खा निघाला नाहीच. पुढे आठवडाभर साच्याच्या खाचा धुतल्या की लाल पाणी यायचं.

प्रेस पुन्हा सुरू झाला तो कागद चार जागा सोडूनच. आत चिटपाखरू नसताना! मेलेल्याचं कार्ड बाहेर पडताना टेकलंच नाही, म्हणून आकडा अडकला असेल, असं तिला वाटलं. तिने नोंदी पुसल्या, संगणक बदलला, दाराची वायरसुद्धा उपटून पाहिली. चार जागा काही हलेनात. भूतबीत काही नसतं, चूक माझीच असणार, असं ती नवऱ्याला म्हणाली.

नवरा तिथेच फिटर. तो म्हणाला, आत गेलं की मानेवर कुणाचा तरी श्वास लागतो. "जिवंतपणी मानगुटीवर बसायचा, अजून उतरत नाही लेकाचा." तो हसला. तिला हसू आलं नाही.

इकडे कड सरळ येईना, म्हणून मामा बटणाला हात लावेनात. साहेबांचा पारा चढला.

"रोज एकच जास्त येतोय ना? मग एक वजा करून टाक."

दोन दिवस ती नाही म्हणाली. तिसऱ्या दिवशी एकसष्टावी ओळ लिहिली. कड सरळ झाली, प्रेस धडधडू लागला, साहेबांनी शाबासकीही दिली. तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. कोणी आत गेलं की कागद चार जागा सरकायचा, बाहेर आलं की परत यायचा.

मग एका मंगळवारी भर सकाळी नवरा साचा बदलायला आत गेला. कार्ड टेकल्याचा आवाज तिने आपल्या कानांनी ऐकला. प्रिंटरने ओळ छापली.

कड सरळ होती.

वेल्डर आज आत नव्हता. नवरा एकटाच होता, आणि एक तिनेच वजा केला होता.

मामांनी कागद पाहिला. एकदा सोडून दोनदा पाहिला. बटण दाबलं.

ती किंचाळत धावली. जबडा आधी पोचला. जाळीतून त्याचा हात बाहेर आला होता. तिने तो दोन्ही हातांनी धरून ओढला.

हात आला. नुसता हात.

पंधरा दिवसांनी ती कामावर आली. आपण आपल्या माणसाला मारलं, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. पिंजऱ्याला कुलूप होतं. एक वजा करूनही प्रिंटर चार जागा सोडून छापत होता. म्हणजे आत दोघं.

साहेब खुर्चीमागे येऊन उभे राहिले. हळूच म्हणाले, "दोन वजा कर."

"कुणाकुणाला, साहेब?"

प्रिंटर खरखरला.

नवी ओळ डावीकडे सरकली होती.

कुलूप जसंच्या तसं होतं. दोघांतला एकजण बाहेर आला होता.

साहेब मागे मागे सरकत दारापर्यंत गेले. ती जागची हलली नाही. तिने शेजारच्या खुर्चीवरच्या फायली उचलल्या आणि खुर्ची जवळ ओढून ठेवली.