मापाचं झबलं

धाकट्या जावेला दवाखान्यात नेलं, त्याच दुपारी थोरलीनं बाळाच्या खोलीचा ताबा घेतला. दीर जाता जाता म्हणाला होता, "वहिनी, तेवढं सगळं तयार ठेवाल ना? आम्हाला यातलं काही कळत नाही." थोरलीला सगळं कळत होतं. आपल्याइतकं नीटनेटकं काम गल्लीत कुणाचं नाही, असं तिचं स्वतःचंच मत होतं आणि ते खोटं नव्हतं.

तिनं सुती दुपटी दोनदा धुऊन कडक उन्हात वाळवली, लंगोटांच्या चवडी रचल्या, वाटी-चमचा उकळून फडक्याखाली झाकला. पाळण्यातल्या गादीवर मेणकापड घातलं, त्यावर जुनी मऊ चादर. वारा येऊ नये म्हणून खिडकीच्या फटीत चिंधी कोंबली. हात चालले होते आणि आत नुसता जळफळाट होत होता. सहा वर्षांपूर्वी हेच सगळं तिनं स्वतःसाठी केलं होतं. तिचा मुलगा नऊ दिवस जगला. आणि आता ही काल आलेली पोर, जिला साधं बटण लावता येत नाही, ती भरल्या हातांनी घरी येणार होती. थोरलीला तिचा हेवा वाटत होता. थोडाथोडका नाही, दातओठ खावेत इतका.

शेवटी झबली राहिली. थोरली पंधरा वर्षं शिवणकाम करत होती आणि तिचा एक नेम होता. अंगावर घालून पाहिल्याशिवाय ती कुठल्याही कपड्याचा शेवटचा टाका घालत नसे, गिऱ्हाईक कितीही घाईत असो. इथं तर गिऱ्हाईकच अजून जन्माला यायचं होतं. तिनं तेरा इंच छातीचं झबलं शिवलं, कोवळ्या अंगाला टोचू नये म्हणून शिवण बाहेरून ठेवली. बंद तेवढे जोडायचे राहिले. मग ते पाळण्यावर धरून, सवयीनंच, पण मनात आपलंच बाळ आणून ती हळू आवाजात म्हणाली, "ये रे राजा. हात वर कर बघू."

खोलीत दुधाचा आंबूस वास पसरला.

झबल्याची उजवी बाही सावकाश फुगली. मग डावी. थोरलीनं झबलं सोडलं नाही. कापड कोमट लागत होतं. बंद तिनं तसेच अंगावर जोडले, सुई टोचू नये म्हणून आतून बोट धरून. पाळण्यात निजवताच झबलंही दिसेनासं झालं.

तीन दिवसांनी धाकटी बाळाला घेऊन आली. त्या तीन दिवसांत थोरलीनं रोज पाच-सहा ओले लंगोट गुपचूप धुतले होते.

"त्याला पाळण्यात ठेवू नकोस," ती दारातच म्हणाली. "तुझ्या कुशीत झोपव."

"का?"

"तिथं... जागा नाही."

धाकटीनं रिकाम्या पाळण्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "ताई, तुम्हाला काय वाटतं ते कळतं मला. पण आज तरी असं बोलू नका."

"वहिनी, जरा बाहेर बसता का?" दीर म्हणाला.

थोरली बाहेर जाऊन बसली. मनात मत्सर होताच, तो धाकटीनं बरोबर ओळखला होता, आणि म्हणूनच तिला ते फार झोंबलं.

मग बाळ दिवसभर रडू लागलं. धाकटी त्याला पोटभर पाजून पाळण्यात ठेवायची, आणि पाठ वळते न वळते तोच ते पुन्हा उपाशी असल्यासारखं ओठ हलवायचं. दहाव्या दिवशी नर्स वजनकाटा घेऊन आली. काटा पाहून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"दूध पुरत नाही का?"

"भरपूर येतं, सिस्टर. जातं कुठं तेच कळत नाही."

"उद्या सकाळी दवाखान्यात आणा. उशीर करू नका."

नर्स गेल्यावर धाकटी बाळाला छातीशी धरून थोरलीच्या मशीनपाशी आली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"ताई, त्या दिवशी तुम्ही म्हणालात, जागा नाही म्हणून... का म्हणालात? सांगा ना. आता मी ऐकते."

एक वाक्य पुरलं असतं. थोरलीनं त्या एवढ्याशा तोंडाकडे पाहिलं, सुकलेल्या ओठांकडे पाहिलं. आपला मुलगा नवव्या दिवशी असाच दिसत होता, हे तिला आठवलं. तेव्हा कुणी धावून आलं नव्हतं.

"काही नाही गं," ती म्हणाली. "पाळणा लहान वाटला मला, एवढंच."

धाकटी मान खाली घालून बाहेरच्या खोलीत गेली. बाळ तिच्या खांद्यावर कण्हत होतं.

थोरली टेप घेऊन पाळण्यापाशी आली. चादरीवर कुणी नव्हतं. तिनं टेप सरकवली, पाठीखालून घेतली, छातीवर आणली. तेरा मागं पडले, चौदाही. सोळा इंचांवर टेप जुळली, आणि तिच्या बोटांत श्वासागणिक ताणत, सैलावत राहिली.