नवरीतचा मका

भर वैशाखात मका दळायला आणणारी मुलगी समाना गावात आजवर कुणी पाहिली नव्हती. मक्याची रोटी खावी थंडीत, सरसोंच्या भाजीबरोबर.

"वीरजी, एवढं दळून द्याल?" नवरीतने विचारलं. वीरजी म्हणजे भाऊ.

गिरणीवाल्या बलतेजच्या पापण्यांवरसुद्धा पीठ होतं. "सगळा पंजाब गहू कापतोय जी, आणि तुम्ही मका? ...बरं, वीरजी म्हणू नका. गिरणीला त्रास होतो."

"गिरणीला?"

"हो. बंद पडते."

गिरणी चालूच होती. नवरीत मात्र घरी जायचं विसरली.

गव्हाने तिचं पोट फुगायचं, केस गळायचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "आधी रक्त तपासू. तोवर गहू सोडायचा नाही, नाहीतर तपासणीत काही दिसायचं नाही." बीजींनी — म्हणजे आईने — रिक्षातच निकाल दिला. "आजाराला नाव लागलं की स्थळं बंद! गुपचूप मका खा. बारीक व्हायचंय म्हणून सांगू."

नवरीत बारीक होतच गेली. आठवड्याला मका, आठवड्याला चार गोष्टी, एखादी चोरटी नजर... पोटदुखी तेवढी तशीच. एका दुपारी ती गिरणीच्या पायरीवर मटकन बसली.

"गहू सोडूनही बरी होत नाहीये मी, बलतेज. काहीतरी मोठं असणार."

बलतेजचा चेहरा पांढरा पडला असावा. पिठामुळे खात्री देता येत नाही.

"तू... गहू सोडला होतास?"

"मग मका काय हौसेनं खाते?"

"मला वाटलं, हौसेनंच." तो खाली बघू लागला. "नुसत्या मक्याची रोटी तुटते ना... तुझी तुटू नये म्हणून दर वेळी चार-पाच मुठी कणीक मिसळायचो. सांगितलं नाही. प्रेमच ते — दुसरं काय?"

असा प्रेमाचा कबुलीजबाब ऐकून पोट धरून रडणारी समान्यातली ती पहिलीच असावी.

"म्हणजे गहू सुटलाच नव्हता," डोळे पुसत ती म्हणाली. "उद्याच रक्त तपासायला देते."

"कशाला? निव्वळ मका दळीन आता. जातं धुईन. लग्न कर माझ्याशी."

"आणि तुझी आई? तपासणीचा कागद नसला तर म्हणेल, नखरे आहेत पोरीचे. तीही मिसळेल मूठभर... प्रेमाने."

"आणि कागद आला तर?"

नवरीतने आत पाहिलं. भिंतींवर गहू, छतावर गहू, उन्हाच्या तिरिपेत तरंगणारा गहू. बलतेजनेही पाहिलं. मग तो अंगावरचं पीठ झटकू लागला.

कागदावर 'आहे' असं आलं.

पुढच्या वैशाखापर्यंत नवरीतच्या गालांवर रंग चढला. शेजारणी बीजींना म्हणू लागल्या, "पोर काय खुललीय!" स्थळ एकही आलं नाही.

बाजारात एकदा रस्त्याच्या पलीकडे बलतेज दिसला. रस्ता ओलांडायला निघाला, स्वतःच्या पिठाने भरलेल्या बाह्यांकडे पाहिलं, थांबला.

"बरी दिसतेस!" तो तिथूनच ओरडला.

"बरी आहे!"

"मग झालं..."

मधून गव्हाची ट्रॉली गेली. तिच्यामागे आणखी एक. त्या जाईपर्यंत नवरीत थांबली. पलीकडे कुणी नव्हतं.