पहिला पोहरा

पहाटेचं धुकं दरीतून वर चढत निवळगडाच्या तटाला भिडलं होतं आणि त्याखाली गनिमाच्या छावणीतल्या चुली धुमसत होत्या. वेढ्याला दोन महिने झाले होते. गडाचे कारखानीस, म्हणजे धान्यपाण्याचा कारभार पाहणारे गोमाजी प्रभू, माचीच्या टाक्याकडे निघाले खरे, पण आज त्यांचं पाऊल उचलत नव्हतं.

या गडाचा एक रिवाज होता. वेढा पडला की रोज उजाडताच टाक्यातला पहिला पोहरा कारखानिसाने स्वतः शेंदायचा आणि सर्वांदेखत प्यायचा. तो प्याला म्हणजे पाण्यात दगा नाही. मगच इतरांनी पोहरे सोडायचे.

नेमकं तेच आज करू नका, असं दरबारातून चोरवाटेने आलेले वकील विसाजीपंत त्यांना चालता चालता सांगत होते. माचीचा पाटील दरबारातल्या विरुद्ध पक्षाचा. त्याची दोनशे माणसं तहानेने गड सोडून गेली, तर तो पक्ष पांगळा होणार होता. पाणी तोडण्याचा हुकूम काढावा, तर दरबारावर ठपका आला असता; कारखानिसाने पोहरा न पिता नुसता खाली ठेवला, तर उरलेलं काम भीतीनेच केलं असतं.

“टाक्यावर पक्ष येत नाहीत, पंत, घागरी येतात,” गोमाजी म्हणाले. “आणि ही माणसं खाली गेली, तर गनीम एकालाही जिवंत सोडणार नाही.”

“आपण कारभारी माणूस. आपण कोठार सांभाळावं, राजकारण आमच्यावर सोडावं.” पंत मंद हसले. “शिवाय काल आमचा एक माणूस या टाक्यापाशी फिरत होता. पाणी कसं आहे, हे आपल्याला तरी कुठं ठाऊक?”

गोमाजी चालतच राहिले. धमकी पोकळ असेल, नसेलही.

टाक्याभोवती माची गोळा झाली होती. कोंडाई पाटलीण घागर कमरेवर घेऊन पुढेच उभी होती.

“आज लई येळ लावला, परभू. नवरीवानी नटत व्हता का?”

बाया हसल्या. गोमाजींनी पोहरा सोडला, शेंदला, तोंडाशी नेला. मागे पंत खाकरले.

गोमाजी गटागटा प्याले.

मग ते तिथेच पायरीवर बसले आणि म्हणाले, की पाण्याविषयी संशय आहे. ऊन बुरुजावर येईपर्यंत कुणी घागर बुडवू नये. संशय कोणावर, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. वेढ्यात गडावरच फूट पडली, तर न्याय करायला उरणार कोण? कोंडाईचं हसू मावळलं. घागर बाजूला ठेवून ती त्यांच्यासमोर बसली आणि त्यांच्या चेहऱ्यावरून नजर काढीना. ऊन काही केल्या सरकत नव्हतं. पोटात कळ आली, ती विषाची की भीतीची, हे गोमाजींनाही कळेना.

अखेर ऊन बुरुजावर आलं. गोमाजी उठले, तोल सावरला.

“भरा,” ते म्हणाले.

अकराव्या दिवशी गनीम माचीवर चालून आला, तेव्हा त्याच दोनशे माणसांनी धोंडे लोटून तट राखला. पुढच्या पंधरवड्यात वेढा उठला. दरबारात मानाची वस्त्रं विसाजीपंतांना मिळाली; गोमाजींचं काम काढून घेतलं गेलं.

गड उतरताना कोंडाईने त्यांची वाट अडवली. “आन् खरंच इख असतं तर?”

“तर तुम्हांला वेळेवर कळलं असतं,” गोमाजी म्हणाले आणि उतरणीला लागले.