सत्तेचाळीस नंबरची किंमत

माझ्या कॅरव्हॅनखालून दोन बूट बाहेर आले होते, आणि त्या बुटांचा मालक आत उताणा पडून खुशाल शिट्टी वाजवत होता.

"अहो! कोण आहे तिकडे?" मी ओरडले. केसांना टॉवेल, हातात चहाचा मग... माझा अवतार तर विचारूच नका.

आधी डोकं आपटल्याचा आवाज आला, मग चिखलाने माखलेला एक तरुण सरपटत बाहेर आला.

"त्रेचाळीस नंबर ना?"

"सत्तेचाळीस!"

"अरे देवा! तरीच... त्रेचाळीसचा सांगाडा गंजलाय असं ऐकलं होतं. तुमचा तर ठणठणीत आहे!"

हा विल्फ. मेबलथॉर्पच्या किनाऱ्यावरच्या जुन्या कॅरव्हॅन तपासायच्या आणि विकल्या तर किती येतील ते सांगायचं, हा त्याचा धंदा. मी म्हटलं, "चुकून का होईना आलाच आहात, तर माझीही किंमत सांगा."

तो माझ्याकडे बघून हसला. "तुमची?"

"कॅरव्हॅनची हो!"

मला हसू आलं नाही, कारण माझा जीव टांगणीला लागला होता. डोरीन आत्या हिवाळ्यात गेली आणि हे समुद्राकाठचं चाकांवरचं घर माझ्या नावावर करून गेली. इकडे गावातल्या लोकरीच्या दुकानाच्या बाई निवृत्त होणार होत्या. महिनाअखेरीला आठ हजार पौंड दिले तर दुकान माझं. नाहीतर परत लेस्टरचं गोदाम आणि खोकी भरणं. ज्या पार्कात कॅरव्हॅन उभी होती, त्याचा मॅनेजर मात्र तिचे अडीच हजारच देतो म्हणून अडून बसला होता. "पंधरा वर्षांची झाली की गाडी पार्कात ठेवता येत नाही, डक. ऑक्टोबरात हिची पंधरा भरतात. आम्ही घेतोय हेच नशीब समज. सोमवारी दुपारपर्यंत सही कर."

आमच्याकडे सगळेच सगळ्यांना लाडाने 'डक' म्हणतात. दूधवाला म्हणतो, डॉक्टर म्हणतात. विल्फ तर पार्कातल्या मांजरालासुद्धा म्हणायचा. फक्त मला नाही. मी आपली 'मिस ब्रायनी'! मी मेलीने त्याचं काय घोडं मारलं होतं?

त्या आठवड्यात तो चार वेळा आला. दर वेळी ओल मोजायचं यंत्र घेऊन. खिडकीखाली टेकव, कपाटाच्या कोपऱ्यात टेकव...

"काल मोजली होती ना तुम्ही?"

"ओल काय, एका रात्रीत वाढते."

"उन्हात?"

तो यंत्राकडेच बघत राहिला. मीही चहा ठेवला. बिस्किटंही काढली, आणि आत्याने पाहुण्यांसाठी जपलेले कपही.

"मला डक का नाही म्हणत हो तुम्ही?" शेवटी विचारलंच मी.

"ते..." त्याचे कान लालेलाल झाले. "ते मी सगळ्यांनाच म्हणतो."

झालं! त्या दिवशी मी चहात दोनदा साखर घातली.

गुरुवारी जाताना तो म्हणाला, "सांगाड्यावर ठोकलेला नंबर आणि ऑफिसातली तारीख, मेळ बसत नाही. कारखान्यात विचारतो." आणि गेला तो गेलाच. शुक्रवार नाही, शनिवार नाही, रविवार नाही. मी मनात म्हटलं, पाहुणा आला, चहा प्याला, गेला.

सोमवारी सकाळी समुद्राकडून असा काही वारा सुटला होता की अख्खी कॅरव्हॅन थरथरत होती. मी मॅनेजरचा कागद पुढ्यात ओढला, पेन उघडलं... तेवढ्यात दार धडाधडा वाजलं.

"सही केलीस?" विल्फ धापा टाकत पायरीवर उभा. 'तुम्ही' कुठच्या कुठे उडालं होतं.

"करतेय."

"नको! ही दहाच वर्षांची आहे! तुझ्या आत्याने मधे जुनी देऊन नवी घेतली. पण तीच कंपनी, तोच हिरवा रंग, पडदेसुद्धा जुनेच लावले. पार्कात सगळ्यांना वाटलं, तीच आहे! ऑफिसात कागद जुन्याच गाडीचा राहिला. अजून पाच वर्षं इथून हलवायची गरज नाही. पार्कचं पंधरा टक्के कमिशन जाऊनही आठ हजार चारशे तुझ्या हातात येतील. नॉटिंगहॅमचं एक जोडपं तयार आहे."

मी हातातल्या पेनाला टोपण लावलं. आत्याबाई, धन्य आहे तुमची! मग एकदम लक्षात आलं. "पण हे कळलं कधी?"

तो बुटाच्या टोकाने पायरीवरची वाळू सरकवू लागला.

"विल्फ?"

"शुक्रवारी."

"शुक्रवारी! आणि मी आत्ता सही केली असती तर?"

"रात्रभर झोप नाही आली... म्हणून तर धावत आलो. चुकलंच माझं." त्याने मान खाली घातली. "विकली की तू लेस्टरला जाणार. न विकता अडून राहिलीस, तर आणखी दोन दिवस तरी राहशील, असं वाटलं. गाढवपणा."

मला संताप आला होता. खरंच आला होता! पण असा प्रामाणिक गाढव समोर उभा असताना तो टिकायचा कसा?

"लेस्टरला कोण जातंय?" मी म्हटलं. "विकली नाही तर जावं लागेल. विकली तर लोकरीचं दुकान घेणार आहे मी. इथेच, हाय स्ट्रीटवर."

तो काहीतरी बोलला. वाऱ्यात मला एक अक्षरही ऐकू आलं नाही.

"काय?"

परत बोलला. परत वारा.

"अरे, मोठ्याने बोल ना!"

"प्रेम करतो तुझ्यावर!" तो जिवाच्या आकांताने ओरडला.

शेजारच्या कॅरव्हॅनची खिडकी उघडली आणि पेलहॅम काकूंनी डोकं बाहेर काढलं. "अख्ख्या पार्काने ऐकलं रे, डक! आता तिला बोलू दे!"

मी हो म्हटलं. मलाही ओरडूनच म्हणावं लागलं.