फॉर्मातला नवरा

लस टोचायच्या खोलीच्या दारात तो तिसऱ्यांदा येऊन उभा राहिला, तेव्हा नर्सने कपाळाला हात लावला.

“आता काय राहिलं?”

“फॉर्म परत आला... लग्नाचं वर्ष रिकामं आहे म्हणून.”

शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या बायकांना मुलं कमी का होतात, याची पाहणी चालू होती आणि हा दारोदार प्रश्न विचारत फिरायचा. पहिल्या खेपेला ती कुणाचं तरी रडकं बाळ कडेवर घेऊन उभी होती. बाळाची आई वजनाचा कागद आणायला गेलेली. या पठ्ठ्याने शिक्षण विचारलं, आजारपणं विचारली, मुलं मात्र विचारली नाहीत. डोळ्यांना दिसतंय ते काय विचारायचं! लिहून टाकलं: विवाहित, मूल एक. चार दिवसांनी बाळाची जन्मतारीख विचारायला कचेरीतून नर्सच्या घरी फोन आला, आणि तो नेमका तिच्या आईने उचलला. मग दुसऱ्या खेपेला स्वारी दुरुस्ती करून गेली होती.

तिने फॉर्म ओढून घेतला. “मूल खोडलंत आणि नवरा तसाच ठेवलात?”

“राहू दे गं,” कापूस भरता भरता थोरल्या सिस्टर म्हणाल्या, “तेवढा एकच तर आहे तुला.”

ती आणखीच चिडली. उद्या पाहणी दुसऱ्या गावी हलणार होती. या माणसाने तिच्या रक्तदाबापासून भावंडांच्या वयापर्यंत सगळं विचारलं होतं... एक सोडून.

त्याने ‘अविवाहित’वर खूण केली. “झालं. पुढचे प्रश्न लग्न झालेल्यांनाच असतात.”

“परत कधी?”

“दोन वर्षांनी. माणसं तीच, प्रश्न तेच.”

“या मग! तोवर नवरा खराच झालेला असेल — कुणीतरी.”

तो दारापर्यंत गेला. थांबला. वळला तेव्हा कान लाल झाले होते.

“तो कुणीतरी... मी असलो तर चालेल?”

थोरल्या सिस्टरांच्या हातातला कापूस तिथेच राहिला.

“एवढं विचारायला तीन खेपा?”

“पहिल्याच दिवशी विचारणार होतो,” तो पुटपुटला, “पण तुमच्या कडेवर बाळ होतं.”

रागावायचा तिने मनापासून प्रयत्न केला. ओठ काही ऐकेनात.

“रविवारी घरी या. त्या बाळाचा खुलासा आईपुढे तुम्हीच करायचा,” ती म्हणाली. “आणि खबरदार, फॉर्म घेऊन आलात तर!”