पासपोर्ट हरवल्यास काय करावे

टूर मॅनेजर नाश्त्याच्या टेबलाशी येऊन उभी राहिली, तेव्हा तिचं तोंड पार उतरलं होतं.

"आजींचा पासपोर्ट लॉकरमध्ये नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "दुपारी परतीचं विमान आहे. काकू, काहीतरी करा."

काकू म्हणजे चौकशीबाई. टूरमधल्या मंडळींनी दुसऱ्याच दिवशी त्यांचं हे नाव पाडलं होतं. लग्न ठरण्याआधी मुलामुलींची खरी माहिती काढून देणारी त्यांची खासगी एजन्सी होती. त्या सुट्टीवर आल्या होत्या, त्यांचं नाक मात्र सुट्टीवर नव्हतं. शेजारी पावाला जॅम लावत बसलेले त्यांचे यजमान भूगोलाचे निवृत्त शिक्षक, त्यामुळे सगळ्यांचे मास्तर. परदेश प्रवासाच्या सूचना देणं हा मास्तरांचा छंद. समोरच्याला त्या हव्या आहेत का, हे पाहण्याची गरज त्यांना कधी वाटली नव्हती.

मॅनेजरनं सांगितलं ते असं. आजी टूरला एकट्याच आल्या होत्या, म्हणून तिच्याच खोलीत राहत होत्या. दोघींचे पासपोर्ट तिथल्या लॉकरमध्ये होते. काल राजवाडा पाहायला निघताना गडबडीत लॉकर उघडाच राहिला. संध्याकाळी परतल्यावर तिनं आत न पाहता तो बंद केला. आज उघडला तर तिचा पासपोर्ट जागेवर आणि आजींचा गायब.

"प्रवाशाचा पासपोर्ट आपल्याकडे ठेवायचा नाही, हा कंपनीचा नियमच आहे. आजींनी आग्रह केला म्हणून ठेवला. ऑफिसला कळलं की नोकरी गेलीच समजा. आणि घरात कमावणारी मी एकटीच आहे."

विमानतळाची बस निघेपर्यंत ऑफिसला कळवू नकोस, असं बाईंनी तिला बजावलं.

"यात शोधायचं काय?" मास्तर म्हणाले. "परदेशात पासपोर्टला भाव असतो. सफाईला आलेल्या कुणीतरी उचलला."

"मग हिचा का ठेवला? त्याला दुसऱ्याचं वावडं होतं का?"

मास्तर पुन्हा जॅमकडे वळले.

आजी पलीकडच्या टेबलावर चहा पीत होत्या. काल त्या राजवाड्यात आल्याच नव्हत्या. पाय दुखत होते, म्हणून संध्याकाळी बस येईपर्यंत राजवाड्यासमोरच्या बागेत बाकावर बसून राहिले, असं त्यांनी सांगितलं. बोलता बोलता त्यांच्या चष्म्याची डबी खाली पडली. कालपरवापर्यंत बसच्या सीटखालून पिशव्या ओढणाऱ्या आजींनी ती मास्तरांना उचलायला लावली. वाकवत नाही म्हणाल्या.

"आता आधी पोलिसांत तक्रार, मग वकिलातीत अर्ज, हो ना?" त्यांनी मास्तरांना विचारलं.

मास्तरांना भरून आलं. बसमधल्या त्यांच्या भाषणात आजी नळाच्या पाण्यापासून खिसेकापूंपर्यंत घोरत होत्या. पासपोर्ट हरवल्यास काय करावे, एवढ्याच मुद्द्याला जाग्या झाल्या, नवा मिळायला किती दिवस लागतात ते दोनदा विचारलं आणि पुन्हा झोपल्या. निदान एका माणसानं तरी ऐकलं होतं.

बाईंनी मग टूरमधल्या बिल्डरला गाठलं. खिडकीच्या जागेवरून तो पहिल्या दिवसापासून मॅनेजरवर डूख धरून होता, आणि काल दुपारी हॉटेलवर परतलाही होता. नवे बूट चावत होते, असं त्याचं म्हणणं. पायाला पट्ट्या दिसत होत्या.

"मला तिची तक्रार करायचीच आहे, ती उघड करीन," तो गुरगुरला. "म्हातारीचा पासपोर्ट घेऊन मी काय करू? आणि बसमधलं चार्जिंग बंद आहे, तेही लिहून घ्या. काल दुपारपर्यंत माझा फोन मेलेला होता."

टूरमधली डेंटिस्टही काल डोकेदुखीमुळे लवकर परतली होती. सफाईची गाडी कॉरिडॉरमध्ये उभी होती आणि मॅनेजरच्या खोलीचं दार उघडं होतं, हे तिनं आपणहून सांगितलं. ती स्वतः परवा रात्री त्या खोलीत जाऊन आली होती. आपल्या चार्जरच्या पिना इथल्या भिंतीत बसत नाहीत, त्यासाठी लागणारा अडॅप्टर आजींकडून मागून आणायला.

"आज सकाळी परत केला. मला फार ओशाळल्यासारखं झालं. काल निघताना आजींचा फोन पार बंद पडला होता, पण एका शब्दानं बोलल्या नाहीत. उलट संध्याकाळी बसमधून उतरताच हॉटेलबाहेरच्या कारंज्यापाशी स्वतःच्या फोनवर माझा छान व्हिडिओ काढला."

बाईंनी तिचे आभार मानले आणि त्या खाली आल्या. लॉबीत मास्तर हूकचा वजनकाटा घेऊन मंडळींच्या बॅगा तोलत होते. जाताना बॅग जड होते, या त्यांच्या सूचनेला बिल्डरच्या बॅगेनं भरभरून पाठिंबा दिला. आजींची मात्र अलगद वर आली.

"काटा बिघडला," मास्तर म्हणाले. "येताना हीच बॅग उचलताना माझा खांदा निखळायचा राहिला होता."

"काटा ठणठणीत आहे. अहो, डोकं वापरा जरा."

बाईंनी मॅनेजरकडून आजींच्या व्हिसाची झेरॉक्स मागून घेतली, ती पाहिली आणि सगळ्यांना कोपऱ्यातल्या सोफ्यांवर बसवलं.

"चोरी झालेलीच नाही," त्यांनी सुरुवात केली. "चोरानं दोन्ही पासपोर्ट नेले असते. बिल्डरसाहेबांना किंवा डॉक्टरांना आजींच्या पासपोर्टाचा काही उपयोग नाही. मग तो हरवल्यानं कुणाचं काही साधतं का? ज्याला विमान चुकवायचंय, त्याचं."

आजींनी पदर सारखा केला.

"काल सकाळी आजींचा फोन बंद होता. अडॅप्टर डॉक्टरांकडे, बसमधलं चार्जिंग बंद. बागेतल्या बाकाला काही वायर नसते. तरी संध्याकाळी फोन व्हिडिओ काढत होता. म्हणजे दुपारी आजी अशा घरात होत्या, जिथे इथला चार्जर होता आणि तो आपुलकीनं लावून देणारं माणूसही होतं. त्याच घरात बॅगेतलं ओझं उतरलं. सगळ्या टूरमध्ये ज्यांची बॅग हलकी झाली अशा त्या एकट्याच. आणि नवा पासपोर्ट मिळायला किती दिवस लागतात, ही चौकशी त्यांनी पासपोर्ट हरवण्याआधीच करून ठेवली होती."

"पण मग पासपोर्ट आहे कुठे?" मास्तरांनी विचारलं.

"काखेत कळसा नि गावाला वळसा. आज सकाळपासून आजींना वाकता का येत नाही? कमरेला काहीतरी टोचतंय. पासपोर्ट कपड्यांच्या आत बांधावा, ही सूचना तुमचीच ना?"

आजींनी मान खाली घालून कमरेची कापडी पिशवी सोडली आणि पासपोर्ट मॅनेजरच्या हातात दिला.

"तुझ्या नोकरीवर येईल हे खरंच ध्यानात आलं नाही गं," त्या म्हणाल्या. "मुलगा राहतो इथे. भांडून आला, मग वर्षानुवर्षं बोलणं नाही. मुलगा इथे असून ही हॉटेलात का राहते, असं कुणी विचारू नये म्हणून गप्प बसले. काल धीर करून गेले. नातीसाठी विणलेले स्वेटर, रजया सगळं पिशव्यांत भरून देऊन आले."

"आजी, तुमच्या व्हिसाचे अजून दोन आठवडे आहेत," बाई म्हणाल्या. "तिकिटाची तारीख बदलता येते. सरळ राहायचं होतंत."

"राहा असं त्यानं म्हणायला हवं ना. आपण विचारायचं आणि तो नाही म्हणाला तर? अडकलेल्या आईला कुणी नाही म्हणत नाही."

बिल्डर खिडकीबाहेर पाहू लागला. चौकशीबाईंनी आजवर लोकांची पुष्कळ गुपितं बाहेर काढली होती, पण या गुपिताचं त्यांना वाईट वाटलं.

मॅनेजर उठली. सकाळपासून ज्यांनी तिचा जीव टांगणीला लावला होता, त्या आजींकडूनच तिनं मुलाचा नंबर घेतला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा फोन लावला.

"मी टूर मॅनेजर बोलतेय. तुमच्या आईंची परतीची तारीख पुढे नेता येते. त्यांना राहायचंय, पण तुम्हाला विचारायला त्या घाबरतायत. तुमचं काय म्हणणं आहे?"

आजींनी डोळे मिटून घेतले.

"काल जेवताना मी तेच विचारणार होतो," मुलगा म्हणाला. "पण ती आल्या आल्या म्हणाली, मला बस गाठायचीय. मला वाटलं, तिला थांबायचंच नाहीये. आई ऐकतेय का?"

"ऐकतेय," आजी म्हणाल्या.

"मी निघतोय तुला न्यायला. किती दिवस राहशील?"

"व्हिसा संपेपर्यंत," आजी म्हणाल्या आणि बॅग उचलण्यासाठी खाली वाकल्या.