हाकेत राहिलेलं नाव

हे घडलेलं आहे. ज्याच्या बाबतीत घडलं तो माणूस आजही हर्सूलला, तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याला, भाड्याच्या घरात राहतो. कुणाला पटो न पटो.

कारभारी त्याचं नाव. नात्यात माझा आतेभाऊ. खोटं बोलायची त्याला सवय नाही, आणि हे खोटं बोलून त्याला मिळणारही काही नाही. माझी बायको जाऊन वर्ष झालंय, म्हणून तो माझ्यापाशी बोलला. नाहीतर माझ्यापाशीही बोलला नसता.

दिवाळीनंतरच्या अमावास्येला, दिवेलागणीच्या वेळी हे सुरू झालं, असं तो सांगतो.

पण खरं तर ते त्याच्याही आधी सुरू झालं होतं. लासूर स्टेशनला.

कारभारीचं कूळ मेंढपाळाचं. बाप मेंढरं घेऊन फिरला. कारभारीच्या हयातीत मेंढरं गेली आणि तो लासूर स्टेशनला बाजारात हमालीला लागला. त्याला दोन मुलं. थोरला अंगद वाळूजला वेल्डर, धाकटा शिवम मोठ्या गाड्या चालवणारा. दोघांनाही कॅनडात काम लागलं. अंगद, त्याची बायको सत्यशीला आणि चार मुलं. शिवम, त्याची बायको करुणा आणि दोन मुलं. आणि कारभारी. सगळे मिळून अकरा. सगळ्यांचे व्हिसा झाले.

बारावी बानाबाई, कारभारीची बायको. ती श्रावणातच गेली. पोटाच्या दुखण्यानं. जाताना अंगदला एवढंच म्हणाली, की तिकडं जाऊन चुली दोन करू नका. एका घरात राहा.

तिला हिरव्या लुगड्यात वाटेला लावलं.

आता या घरातली एक रीत सांगायला हवी. मेंढरं घेऊन फिरायचे तेव्हा मुक्काम हलवताना, बिऱ्हाड घोड्यावर लादून झालं, की थोरली बाई विझवलेल्या चुलीपाशी उभी राहायची. एकेकाला नावानं हाक मारायची. चल रं. चल गं. हाक नाही मारली तर माणूस पुढं जातो, पण त्याचा जीव मागं त्याच जागेवर घुटमळतो, असं मानायचे.

मेंढरं गेली, घोडं गेलं, पण बानाबाईनं रीत सोडली नाही. एका भाड्याच्या खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं असलं तरी हाका मारायची. पहिली हाक नवऱ्याला. त्याचं नाव कसं घेणार? म्हणून म्हणायची, "धनी, चला." मग मुलं, सुना, नातवंडं. आणि सगळ्यात शेवटी स्वतःलाच, "बाना, चल गं आता." असं म्हणून हसायची.

लासूरचं घर रिकामं केलं त्या दिवशी सामान टेम्पोत चढलं आणि सत्यशीलेनं विचारलं, "मामा, हाका कोण मारणार?"

बानाबाई नव्हती. कारभारी उभा राहिला.

त्यानं त्या हाका जन्मभर ऐकलेल्या. तिच्याच चालीत, तिच्याच क्रमानं. त्याचं तोंड तिच्यासारखंच चालत गेलं. अंगद, चल रं. सत्यशीला, चल गं. शिवम, करुणा, सगळी पोरं...

आणि शेवटी, त्याच सवयीत...

"बाना, चल गं आता."

टेम्पोपाशी सगळे थबकले. मेलेल्या माणसाला हाक मारत नाहीत, हे लहान पोरांनाही ठाऊक होतं. दोघी सुनांनी एकमेकींकडे पाहिलं.

आणखी एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. कारभारीच्याही नाही.

पहिली हाक मारायची राहिली होती. स्वतःलाच "धनी, चला" कोण म्हणणार?

सगळे हर्सूलला अंगदच्या घरी आले. निघेपर्यंत तिथंच राहायचं होतं.

अमावास्येच्या दिवशी कारभारी ओट्यावर बसला होता. दिवे लागायची वेळ. आतून आवाज आला...

फट्.

थोडं थांबून पुन्हा... फट्.

घोंगडं झटकल्याचा आवाज. बानाबाई रोज दिवेलागणीला त्याचं घोंगडं झटकायची. मेंढरं नव्हती, तरी झटकायची. कारभारीला वाटलं, सुनेनं हातात घेतलं असेल. आत गेला तर दोघी सुना बाजारात गेलेल्या. पोरं रस्त्यावर खेळत होती.

खुंटी रिकामी होती.

घोंगडं बाजेवर होतं. चौघडी करून, काठ आतल्या बाजूला. तशी घडी एकच बाई घालायची.

कारभारीला भीती वाटली नाही. त्याला बरं वाटलं. तो बाजेवर, घोंगड्याच्या शेजारी, बराच वेळ बसून राहिला.

तिकडं कॅनडात घराचा शोध चालू होता आणि घर काही मिळत नव्हतं. प्रणय नावाचा आपल्या गारखेड्याचा मुलगा तिथं घरं दाखवायचं काम करतो. तो फोन करून दमला. एकानं अकरा ऐकून फोनच ठेवला. एकानं विचारलं, वसतिगृह काढताय का. दोन वेगळी घरं घ्या, म्हणजे उद्या मिळतील, असं सगळेच सांगत. पण आईचा शब्द होता. आणि दोन घरांचं भाडं परवडणारंही नव्हतं.

"अंगददादा, इथं अकरा जण म्हणलं की लोक क्रिकेटची टीम समजतात," प्रणय म्हणायचा. पहिल्यांदा सगळे हसले. नंतर नंतर कुणी हसेना.

कामावर हजर व्हायची तारीख ठरलेली होती. इकडचं घर सोडायचं ठरलेलं होतं. तिकडं बर्फ पडायला लागलं होतं.

शेवटी एक म्हातारी घरमालकीण तयार झाली. घर मोठं, चार खोल्यांचं. तिची अट एकच. अकरा म्हणजे अकरा, त्याच्यावर एक नाही. आणि कागदावर नको, माणसं डोळ्यांनी पाहायची.

व्हिडिओ कॉल ठरला. तिकडं सकाळ, इकडं दिवेलागण. पुढच्या खोलीत सगळे दाटीवाटीनं बसले. पोरांचे केस विंचरलेले. फोन कपाटावर टेकवून ठेवला. पडद्यावर ती म्हातारी, शेजारी प्रणय. तिनं बोट पुढं करून एकेकाला मोजलं.

मग ती प्रणयला काही बोलली. प्रणयचा चेहरा पडला.

"दादा, तुम्ही अकरा म्हणाला होता ना?"

"अकराच हाय की."

"त्या बारा म्हणतायत."

करुणा म्हणाली, पोरं हलली असतील. पोरांना हाताला धरून बसवलं. म्हातारीनं पुन्हा मोजलं.

बारा.

"मागं दारात उभ्या आहेत ना, हिरव्या लुगड्यातल्या आजी," प्रणय म्हणाला. "त्या येणार नसतील तर तसं सांगा. त्यांना वाटतंय तुम्ही माणूस लपवताय."

खोलीत कुणीही मान वळवली नाही...

पोरंसुद्धा नाही.

एकट्या कारभारीनं मागं पाहिलं. दार उघडं होतं. दारात कुणी नव्हतं.

त्या दाराच्या पलीकडून, आतल्या अंधारातून आवाज आला...

फट्.

म्हातारीनं नाही सांगितलं. खोटं बोलून घर घेणारी माणसं तिला नको होती.

पुढचे दिवस फार वाईट गेले. अंगद कामावरून यायचा आणि फोन घेऊन रस्त्यावर फिरत राहायचा. दुसरं एकही घर लागेना. प्रणय म्हातारीच्या हातापाया पडला. ती पुन्हा एकदा पाहायला कबूल झाली. शेवटचं. त्यानं स्पष्ट सांगितलं, त्या आजींना समजवा, नाहीतर दुसऱ्या कुणाला तरी ठेवून या. बारा झाले तर माझ्या हातात काही नाही.

त्या आजींना समजवा. कसं समजवायचं?

सत्यशीलेनं ज्वारीची भाकरी आणि पिठलं, सासूला आवडायचं तसं, ताटात वाढलं आणि आतल्या दारापाशी ठेवलं. मग तिथंच जमिनीवर बसली आणि पदर पसरला.

"आत्याबाई, लेकरांसाठी मागते. एवढ्या येळंला बाजूला व्हा."

ती रडत होती. अंगद भिंतीकडे तोंड करून उभा होता. असा धिप्पाड माणूस, पण त्याला काही म्हणजे काही करता येत नव्हतं.

कारभारी हे सगळं पाहत होता. ती कुठं जाणार नाही, हे एकट्या त्याला ठाऊक होतं. तिला हाक मारून आणलं होतं. हाक मारून आणलेल्याला जा कसं म्हणायचं?

आणि खरं सांगायचं तर, तिनं जावं असं त्याला वाटतही नव्हतं.

कॉल लागायच्या आधी तो उठला.

"मी जरा भाईर हाय," म्हणाला.

"आबा, बसा," अंगद म्हणाला. पण त्याच्या आवाजात जोर नव्हता. ते दोघांनाही कळलं.

कारभारी ओट्याखाली लिंबाच्या झाडापाशी जाऊन उभा राहिला. खिडकीतून प्रणयचा आवाज येत होता. म्हातारी मोजत होती. बराच वेळ...

"अकरा," प्रणय म्हणाला. "बरोबर अकरा. दादा, घर तुमचं झालं."

आत आनंदाचा एक शब्दही उमटला नाही.

कारभारी बाहेर होता. आत माणसं दहाच होती.

थोड्या वेळानं अंगद बाहेर आला. बापाकडे न पाहता म्हणाला, "आबा, मोठं घर गावलं की तुमाला नेतो. सहा महिने लई झाले."

"व्हय," कारभारी म्हणाला.

एकटं राहायचं याचं त्याला दुःख होतं, पण मनातून त्यानं एक ठरवून ठेवलं होतं. निघायच्या दिवशी हाका तोच मारणार होता. या खेपेला बानाचं नाव घ्यायचं नाही. हाक नाही तर जाणं नाही. लेकरं सुखानं जातील आणि ती इथं राहील, त्याच्याजवळ. दिवेलागणीला घोंगडं झटकेल. तेवढं त्याला पुष्कळ होतं.

ते दुपारी निघाले. मुंबईला जायची गाडी दारात उभी होती. कारभारी विझवलेल्या गॅसपाशी उभा राहिला. अंगद, चल रं. सत्यशीला, चल गं. एकेक नाव घेतलं. शेवटच्या पोराचं नाव झालं आणि त्यानं जीभ दाताखाली धरली. रक्ताची चव येईपर्यंत धरली.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. तो आत आला. घोंगडं खुंटीला लावलं. दार उघडं ठेवलं. बाजेवर बसून दिवेलागणीची वाट पाहिली.

दिवे लागले. शेजारी कुकरची शिट्टी झाली. रस्त्यावरून म्हशी गेल्या.

घोंगडं खुंटीला तसंच होतं.

दुसऱ्या दिवशीही तसंच... तिसऱ्या दिवशीही.

घरात इतकी शांतता त्यानं बानाबाई गेली त्या दिवशीही ऐकली नव्हती.

मग सत्यशीलेचा फोन आला. घर चांगलं आहे, पोरं बर्फात खेळतात, असं काही काही सांगितलं. मग आवाज उतरवून म्हणाली, "मामा, एक इचारू? निघताना शेवटची हाक तुमी मारली नाय ना?"

"नाय."

"आमी ऐकली. गाडी चालू झाली तवा. बाना, चल गं आता. समद्यांनी ऐकली. डायवरनं बी मागं पायलं."

कारभारी तेव्हा दारातच उभा होता. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं.

"आवाज कुनाचा व्हता?"

"आत्याबाईंचाच. अन् हासल्या बी."

कारभारीनं खुंटीवरच्या घोंगड्याकडे पाहिलं. मग त्यानं विचारलं, "अन् पहिली हाक?"

"कोनती मामा?"

"पहिली गं. धनी, चला. ती मारली का तिनं?"

पलीकडे सत्यशीला गप्प झाली. त्या गप्प बसण्याच्या मागं, त्या परक्या घरात कुठंतरी...

फट्.

"नाय मामा," ती म्हणाली. आणि मग अगदी हळू, "इथं घोंगडं पन नाय वो कुनाकडं."

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. अंगद अजून मोठं घर शोधतोय. जे घर पाहावं, तिथं मोजणी एकानं जास्त भरते आणि बापाचीच जागा कमी पडते. कुणाचाच इलाज नाही. हर्सूलचा घरमालक कारभारीला म्हणतो, एकट्याला एवढं घर कशाला, खाली कर. कारभारी करत नाही. घर सोडायचं तर हाक कोण मारणार?

परवा त्याच्याकडे गेलो होतो. दिवेलागणीची वेळ. तो ओट्यावर वहाणा घालून बसलेला, मांडीवर चौघडी केलेलं घोंगडं. मी विचारलं, कुठं निघालास?

त्यानं हातानं मला गप्प केलं.

"हळू बोल," म्हणाला. "हाक आली तर ऐकाया पायजे."

मी त्याच्या शेजारी बसलो. आम्ही दोघंही ऐकत राहिलो. काही आलं नाही.

घरी आलो. तेव्हापासून दिवेलागणीला माझ्याच्यानंही दार लावून घेववत नाही.